टेक्सासला स्टेट इन्कम टॅक्स नाही, पण प्रॉपर्टी टॅक्स केवढा! मग एकूण परवडतं का? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आम्ही कॅलिफोर्नियातून डॅलसच्या उत्तरेला आलो त्याला आता बरीच वर्षं झाली आणि तेव्हापासून मंडळाच्या गणपतीत, मुलांच्या मराठी शाळेच्या पार्किंगमध्ये, आठवड्याला एखाद्या फोनवर, हा विषय निघतोच. कुणाला ऑफर आलेली असते, कुणाचं घर बघून झालेलं असतं, आणि सगळ्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं की "टेक्सासला या, टॅक्स वाचतो". वाचतो, पण सगळ्यांचा नाही आणि सगळ्या वर्षी नाही. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदा नीट लिहून काढलंय. मी सीपीए (टॅक्सची कामं करणारा परवानाधारक अकाउंटंट) नाही, घराची बिलं आणि अप्रेझलचे (घराच्या सरकारी मूल्यांकनाचे) कागद मात्र दर वर्षी स्वतः बघते, तुमच्या रिटर्नचं काय ते तुमच्या सीपीएलाच विचारा.

टेक्सासमध्ये खरंच पगारावर स्टेट टॅक्स नाही? आणि उद्या आणला तर?

खरंच नाही. फेडरल टॅक्स, सोशल सिक्युरिटी, मेडिकेअर कापलं जातं, राज्याचं काही कापलं जात नाही. आणि उद्या सहज आणताही येणार नाही, कारण नोव्हेंबर २०१९ मध्ये मतदारांनी घटनादुरुस्ती करून वैयक्तिक इन्कम टॅक्सवर बंदीच घातलीय, ती उठवायची तर विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं आणि वर परत जनतेचा कौल लागेल. त्यामुळे ही भीती मनातून काढून टाका.

पगारावर टॅक्स न घेणारी राज्यं आणखीही आहेत, फ्लोरिडा, नेवाडा, टेनेसी, वॉशिंग्टन, वायोमिंग, साउथ डकोटा, अलास्का, न्यू हॅम्पशायर. पण प्रत्येकाची वसुलीची वाट वेगळी. टेनेसीत सेल्स टॅक्स जबरदस्त आणि किराण्यावरही लागतो, न्यू हॅम्पशायरमध्ये सेल्स टॅक्सही नाही म्हणून घरावर चांगलाच बसतो. इथे मी टेक्सासबद्दलच लिहितेय कारण तेच मला माहितीय.

मग पैसा येतो कुठून?

राज्याचा मुख्य पैसा सेल्स टॅक्समधून, ६.२५ टक्के राज्याचा आणि वर जास्तीत जास्त २ टक्के स्थानिक, म्हणजे बहुतेक शहरांत बिलावर ८.२५ टक्के दिसतात. भाजी, दूध, डाळ-तांदूळ, औषधं यांवर नाही, हॉटेलच्या जेवणावर आहे. शिवाय धंद्यांवरचा फ्रँचाइझ टॅक्स आणि तेल-गॅसवरचा कर.

प्रॉपर्टी टॅक्स मात्र राज्य घेतच नाही, तो पूर्ण स्थानिक आहे. तुमच्या एका बिलात चार-पाच जण असतात: काउंटी, शहर, शाळेचा डिस्ट्रिक्ट म्हणजे आयएसडी, कम्युनिटी कॉलेज, काही ठिकाणी हॉस्पिटल डिस्ट्रिक्ट. यातला सगळ्यात मोठा वाटा शाळेचा, साधारण निम्मा किंवा त्याहून जास्तच. म्हणून ज्यांच्या घरात शाळेत जाणारी दोन मुलं आहेत त्यांना हा टॅक्स कमी टोचतो असं माझं निरीक्षण आहे, निदान पैसा कुठे जातोय ते रोज सकाळी पिवळ्या बसच्या रूपात दिसतं. पण श्रीमंत डिस्ट्रिक्टचा सगळा पैसा त्याच डिस्ट्रिक्टला राहतो असंही नाही, १९९३ पासून 'रॉबिनहूड' म्हणतात ती पद्धत आहे, ज्यांच्याकडे घरांच्या किमती जास्त त्यांच्याकडून काही रक्कम राज्य परत घेतं, आणि ऑस्टिनच्या डिस्ट्रिक्टला त्यात वर्षानुवर्षं प्रचंड रक्कम द्यावी लागलीय.

ठीक, पण आकडा सांगा. सहा लाखांच्या घराला किती?

गाव बदललं की आकडा बदलतो म्हणून मी एक नमुन्याचा हिशोब देते, तुम्ही तुमच्या गावाचे दर घालून करा. समजा शाळेचा दर १.०५ टक्के आणि शहर, काउंटी, कॉलेज मिळून ०.६८ टक्के, एकूण १.७३. तुम्ही स्वतः त्या घरात राहता म्हणून होमस्टेड एक्झम्प्शन मिळतं (पुढे सांगते), त्यामुळे शाळेच्या टॅक्ससाठी १,४०,००० डॉलर वजा होतात. म्हणजे ४,६०,००० वर १.०५ टक्के झाले ४,८३० आणि ६,००,००० वर ०.६८ टक्के झाले ४,०८०. एकूण ८,९१० डॉलर वर्षाला, महिन्याला साडेसातशेच्या आत. हा हप्त्यासारखा संपणारा प्रकार नाही, तीस वर्षांनी कर्ज फिटलं तरी हा चालूच.

पुण्याला आईला मी पहिल्यांदा आकडा सांगितला तेव्हा ती म्हणाली, "घर तुमचं आणि घरपट्टी एवढी? मग घर तुमचं कसलं?" तिचं चूक नाही. आपल्याकडे राज्य पगारावर प्रोफेशनल टॅक्स घेतं तो वर्षाला २,५०० रुपये, मुंबईत तर ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे, त्यामुळे घरापायी दर वर्षी एवढे पैसे मोजायचे ही कल्पनाच आपल्या हिशोबात नसते, आणि इथे घर घेताना आपली फसगत तिथेच होते.

एजंट म्हणाला 'मड' आहे. मड म्हणजे काय?

म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट, सगळे त्याला मडच म्हणतात. शहराच्या हद्दीबाहेर नवीन वस्ती उभी राहते तेव्हा पाणी, ड्रेनेज वगैरेचा खर्च बाँड काढून करतात आणि ते बाँड तिथे राहायला येणाऱ्यांकडून वर्षानुवर्षं टॅक्सने फेडले जातात. ह्यूस्टनच्या आसपास केटी, सायप्रस वगैरे भागात भरपूर, ऑस्टिन-डॅलसच्या नव्या वस्त्यांतही आहेत. वरच्याच हिशोबात ०.८० टक्के मड धरला तर ४,८०० डॉलर वाढले, म्हणजे ८,९१० चे १३,७१० झाले. तेच घर, तीच किंमत. बाँड फिटत जातील, घरं वाढतील तसा दर खाली येतो, पण त्याला वर्षं लागतात. (मड शहराच्या हद्दीत नसेल तर शहराचा टॅक्स लागत नाही, तेवढं वजा करा.)

पिड (पब्लिक इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्ट) नावाचं अजून एक असतं, ते टॅक्स नाही, आकारणी असते, ठराविक वर्षांची. घर आवडलं की विचारायचं राहून जातं, म्हणून ऑफर लिहायच्या आधी लेखी विचारा: मड आहे का, पिड आहे का, दर किती, किती वर्षं बाकी.

कॅलिफोर्नियाशी तुलना केली तर कोण जिंकतं?

पगारावर ठरतं, आणि हे कुणी नीट सांगत नाही म्हणून मी जरा लांबवते.

दोघं मिळून अडीच लाख डॉलर कमावणारं जोडपं घ्या, एकत्र रिटर्न भरणारं. कॅलिफोर्नियाचा इन्कम टॅक्स साधारण १५,००० च्या आसपास जातो, वर एसडीआय (राज्याचा अपंगत्व विमा) कापतात, २०२५ मध्ये १.२ टक्के आणि त्याला आता पगाराची वरची मर्यादा नाही, म्हणजे अजून ३,०००. झाले १८,०००. टेक्सासमध्ये हे शून्य. टेक्सासचा ८,९१० प्रॉपर्टी टॅक्स धरला तरी हे जोडपं फायद्यात आहे, मडवालं घर घेतलं तरीही आहे.

आता सव्वा लाखाच्या आतलं जोडपं घ्या, समजा १,२०,०००, एकाचीच नोकरी, दुसऱ्याचा डिपेंडंट व्हिसा, आपल्यात हे चित्र कॉमन आहे. त्यांचा कॅलिफोर्निया टॅक्स साधारण साडेतीन हजारांच्या आतच येतो कारण खालचे टप्पे १, २, ४, ६ टक्क्यांचे आहेत, ९.३ चा टप्पा जोडप्याला बराच वर लागतो. एसडीआय धरून पाच हजार म्हणा. या कुटुंबाने टेक्सासला येऊन "टॅक्स वाचतो" म्हणून सहा लाखांचं घर घेतलं तर वाचले पाच हजार आणि बसले नऊ हजार.

त्यावर लोक म्हणतात, पण कॅलिफोर्नियात काय प्रॉपर्टी टॅक्स नाही का? आहे. १९७८ च्या प्रपोझिशन १३ ने मूळ दर १ टक्का आणि मूल्याची वाढ वर्षाला जास्तीत जास्त २ टक्के बांधून टाकली, स्थानिक बाँड धरून नव्या खरेदीदाराला सव्वा टक्क्याच्या आसपास पडतं. पण बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास) घर तेरा लाखांचं, त्याचा सव्वा टक्का म्हणजे सोळा हजार. म्हणजे टक्का कमी असूनही रक्कम टेक्सासपेक्षा जास्त. मग १,२०,००० वाल्या कुटुंबाचं खरं उत्तर असं की ते बे एरियात घर घेऊच शकत नव्हते, इथे घेऊ शकतात, आणि हा फायदा टॅक्सचा नाही, जमिनीच्या किमतीचा आहे. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा, प्लीज. ज्यांनी तिकडे २०१० च्या आसपास घर घेऊन ठेवलंय त्यांचा प्रॉपर्टी टॅक्स अजून जुन्या किमतीवर २-२ टक्क्यांनी रांगतोय, त्यांनी तर घाईने विकून निघण्याआधी दहा वेळा विचार करावा.

आम्ही न्यू जर्सीत आहोत.

मग तुमचं उत्तर सोपं आहे, तुमच्याकडे दोन्ही आहे. प्रॉपर्टी टॅक्स देशात सगळ्यात वरच्यांपैकी, सरासरी घराचं बिल २०२४ मध्ये दहा हजार डॉलरच्या वर गेलं, आणि अडीच लाखांवर इन्कम टॅक्सही अकरा हजारांच्या आसपास. एडिसनहून आलेल्या लोकांना टेक्सासचं बिल बघून धक्का बसत नाही असा माझा अनुभव आहे.

फेडरल रिटर्नमध्ये हे सगळं वजा मिळतं ना? सॉल्टचं काय झालं?

स्टेट इन्कम टॅक्स आणि प्रॉपर्टी टॅक्स मिळून जी वजावट मिळते (तिलाच सॉल्ट म्हणतात) तिला २०१८ पासून १०,००० ची मर्यादा होती. जुलै २०२५ च्या कायद्याने ती २०२५ साठी ४०,००० केली, पाच लाखांच्या वर उत्पन्न असेल तर ती कमी होत जाते, आणि २०३० मध्ये परत १०,००० वर येणार आहे.

याचा परिणाम उलटा आहे आणि तो लोकांच्या लक्षात येत नाही. कॅलिफोर्नियावाल्याचे १५,००० इन्कम टॅक्सचे आणि १६,००० घराचे, मिळून ३१,००० पूर्वी १०,००० वर अडकायचे, आता पूर्ण वजा होतात. टेक्सासवाल्याचे आधीपासूनच नऊ-दहा हजार, त्याला नवीन मर्यादेने फार काही मिळालं नाही. म्हणजे २०१९ मध्ये कुणी केलेला हिशोब आज जसाच्या तसा वापरू नका, दोन राज्यांतलं अंतर सध्या थोडं कमी झालंय. अर्थात हे आयटमाइझ करणाऱ्यांसाठीच (म्हणजे ठोक स्टँडर्ड डिडक्शन न घेता एकेक वजावट मांडणाऱ्यांसाठी), २०२५ ला जोडप्याचं स्टँडर्ड डिडक्शन ३१,५०० आहे, त्याच्या वर जात नसाल तर ही चर्चा सोडून द्या.

होमस्टेड एक्झम्प्शन कसं घ्यायचं? एच-वन-बी वर मिळतं का?

ज्या घराचे तुम्ही मालक आहात आणि जे तुमचं राहतं घर आहे त्याला मिळतं, एकालाच. कायद्यात नागरिकत्वाची अट नाही. काउंटीच्या अप्रेझल डिस्ट्रिक्टकडे फॉर्म भरायचा, सोबत टेक्सासचं लायसन्स किंवा आयडी आणि त्यावरचा पत्ता घराचाच हवा. सगळं इथेच अडतं, लायसन्सवर जुन्या अपार्टमेंटचा पत्ता राहतो आणि अर्ज परत येतो. क्लोजिंग झालं (म्हणजे कागदांवर सह्या होऊन घर तुमचं झालं) की पहिल्या आठवड्यात पत्ता बदला.

फॉर्म फुकट आहे. घर घेतल्यावर "इतके डॉलर पाठवा, आम्ही तुमचं एक्झम्प्शन फाइल करतो" अशी सरकारी दिसणारी पत्रं येतात, त्यांना पैसे देऊ नका.

फायदे दोन. एक, शाळेच्या टॅक्ससाठी मूल्यातून वजावट, ही २०२३ च्या मतदानाने ४०,००० वरून १,००,००० झाली आणि नोव्हेंबर २०२५ ला १,४०,०००. काही काउंट्या आणि शहरं वर स्वतःची २० टक्क्यांपर्यंत देतात. दोन, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचा, दहा टक्क्यांची कॅप: बाजारभाव कितीही उसळला तरी करपात्र मूल्य वर्षाला १० टक्क्यांच्या वर वाढत नाही. पण ही कॅप होमस्टेड मिळालेल्या पहिल्या वर्षानंतर लागू होते, पहिल्याच वर्षी नाही. भाड्याने दिलेल्या घराला होमस्टेड नाही, त्यांच्यासाठी २० टक्क्यांची वेगळी मर्यादा २०२४ ते २०२६ पुरती केलीय.

वेबसाइटवर या घराचा टॅक्स सहा हजार दाखवतायत, तेवढाच धरू ना?

नाही! तो विकणाऱ्याचा टॅक्स आहे. त्याची कॅप वर्षानुवर्षं साठलेली असू शकते, तो ६५ च्या वर असू शकतो, त्याला इतर सवलत असू शकते. तुम्ही घेतलंत की पुढच्या १ जानेवारीला कॅप पुसली जाते आणि मूल्य बाजारभावाला येतं. धरायचं ते तुमची किंमत गुणिले आजचे दर.

नव्या बांधकामाचं तर याहून वाईट, आणि आमचं तेच झालं. टेक्सासमध्ये मूल्य १ जानेवारीच्या स्थितीवर ठरतं. आम्ही ऑगस्ट २०२१ ला क्लोजिंग केलं, १ जानेवारीला तिथे नुसता प्लॉट होता, त्यामुळे त्या वर्षाचं बिल प्लॉटचं, अडीच हजारांच्या आसपास. लेंडरने (कर्ज देणाऱ्या बँकेने) एस्क्रो, म्हणजे टॅक्ससाठी हप्त्याबरोबर बाजूला काढायची रक्कम, त्या आकड्यावर बसवला आणि दीड वर्ष आमचा हप्ता छान कमी होता, आम्हाला वाटलं आपण भलतंच स्वस्तात बसलो, फर्निचर घेतलं, भारतात जाऊन आलो. मग २०२२ चं बिल पूर्ण घराचं आलं, अकरा हजारांच्या वर. एस्क्रोत तेवढे नव्हते, लेंडरने स्वतः भरले आणि २०२३ च्या सुरुवातीला पत्र पाठवलं की मागचा खड्डा बारा महिन्यांत भरा आणि पुढचाही पूर्ण दराने द्या. हप्ता महिन्याला जवळजवळ दीड हजाराने वाढला. क्लोजिंगच्या टेबलावर कुणीतरी दोन मिनिटं देऊन हे सांगायला हवं होतं, कुणी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

म्हणून नवीन घर घेत असाल तर पहिल्या महिन्यापासून पूर्ण टॅक्सचा बारावा भाग वेगळ्या सेव्हिंग अकाउंटला टाका, किंवा लेंडरला सांगा की एस्क्रो पूर्ण मूल्यावर बसवा, बरेच जण ऐकतात.

नोकरी गेली तर?

हा प्रश्न मला कुणी आपणहून विचारत नाही, मीच काढते. हे सगळं लिहायला बसले त्याचं खरं कारणही हेच.

इन्कम टॅक्स पगाराच्या मागून चालतो. पगार थांबला की तो थांबतो, अर्धा झाला की अर्ध्याहून कमी होतो. प्रॉपर्टी टॅक्सला तुमच्या पगाराशी काही देणंघेणं नाही, त्याला घराची किंमत माहीत. हप्ता वाढल्याचं ते पत्र आलं त्यानंतर काही महिन्यांतच नवऱ्याची नोकरी गेली. एच-वन-बी ला साठ दिवस मिळतात, त्या साठ दिवसांत आम्ही रोज रात्री मुलं झोपल्यावर स्वयंपाकघराच्या ओट्यावर कागद पसरून बसायचो आणि दोघांनाही दिसायचं की कॅलिफोर्नियात असतो तर भाडं थोडं जास्त असतं पण हा वाढीव दीड हजार नसता, आणि भाड्याचं घर सोडता येतं. माझी नोकरी होती म्हणून निभावलं, त्याला सातव्या आठवड्यात दुसरी मिळाली. पण तेव्हापासून मी कुणालाही नुसतं "वर्षाला किती वाचेल" असं सांगत नाही.

दोन हिशोब करा. पहिला, दोन्ही पगार चालू असतानाचा. दुसरा, एक पगार सहा महिने बंद असतानाचा. पहिल्यात टेक्सास बहुतेक वेळा जिंकतं. दुसऱ्यात जिंकायचं तर घर लहान घ्यावं लागतं, बस. बँक तुम्हाला साडेसात लाखांचं मंजूर करेल, तुम्ही पाच लाखांचं घ्या, टॅक्स मूल्यावर असल्यामुळे लहान घराचा फायदा दर वर्षी मिळत राहतो. आणि वाचलेला स्टेट टॅक्स खरंच बाजूला पडतोय का बघा, माझ्या ओळखीत बहुतेकांचा तो मोठ्या घरात आणि दुसऱ्या गाडीत जातो.

प्रोटेस्ट करायचा असतो म्हणे, तो काय?

करायचाच. साधारण एप्रिलमध्ये अप्रेझल डिस्ट्रिक्टकडून मूल्याची नोटीस येते. १५ मे किंवा नोटिशीनंतर ३० दिवस, यातली जी नंतरची तारीख असेल तोपर्यंत प्रोटेस्ट टाकता येतो, फी नाही, बऱ्याच काउंट्यांत ऑनलाइन होतो. कारणं दोन्ही टिक करा, एक 'मूल्य बाजारभावापेक्षा जास्त' आणि दुसरं 'शेजारच्या सारख्या घरांच्या तुलनेत असमान'. दुसरं कारण बरेचदा जास्त चालतं कारण टेक्सासमध्ये विक्रीची किंमत जाहीर करायचं बंधन नाही, पण शेजाऱ्यांची अप्रेझल मूल्यं मात्र साइटवर सगळ्यांना दिसतात. आपल्या गल्लीतली त्याच आकाराची, त्याच वर्षाची पाच-सहा घरं काढा, चौरस फुटाला किती लावलंय ते मांडा. छताला गारांचा मार बसलाय, फाउंडेशनला तडा गेलाय, तर फोटो आणि दुरुस्तीचं कोटेशन जोडा. तुमच्या विरुद्ध ते काय पुरावा मांडणार आहेत तो सुनावणीच्या आधी मागायचा तुम्हाला हक्क आहे, मागाच.

आधी बहुतेक फोनवर किंवा ऑनलाइन तडजोड होते, नाही पटलं तर रिव्ह्यू बोर्डासमोर सुनावणी. शांतपणे बोला, "टॅक्स परवडत नाही" हा मुद्दा तिथे चालत नाही, फक्त मूल्य. आणि एक बारीक गोष्ट, तुमचं कॅप लागलेलं मूल्य ५.५ लाख आणि बाजारमूल्य ६.५ असेल आणि तुम्ही भांडून ते ६.२ वर आणलंत तर यंदा एक डॉलरही वाचत नाही, कारण टॅक्स ५.५ वरच आहे. तेव्हा नोटिशीतला कुठला आकडा बघायचा ते आधी कळून घ्या. टक्केवारीवर प्रोटेस्ट करून देणारे आहेत, वेळ नसेल तर द्या, काही हरकत नाही.

पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं आणि एफडीचं व्याज, त्याचा काही फरक पडतो का?

पडतो, आणि आपल्या लोकांसाठी हा मोठा मुद्दा आहे. फेडरल रिटर्नमध्ये भारतात भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट मिळतं. कॅलिफोर्निया ते क्रेडिट देत नाही आणि भारत-अमेरिका करारही मानत नाही. म्हणजे कोथरूडच्या फ्लॅटचं भाडं, एनआरओचं व्याज, भारतात करमुक्त असलेलं एनआरईचं व्याजसुद्धा, सगळं कॅलिफोर्निया आपल्या दराने धरतं. टेक्सासला राज्याचं रिटर्नच नाही. तिकडे आईवडिलांचं घर विकायचं असेल, मोठा कॅपिटल गेन येणार असेल, तर ज्या वर्षी विकाल त्या वर्षी तुम्ही कुठल्या राज्याचे रहिवासी आहात याने हजारो डॉलरचा फरक पडू शकतो. एचएसएचंही (औषधोपचारासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्याचंही) तसंच, कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सी ती सवलत मानत नाहीत.

मी टेक्सासला राहून कॅलिफोर्नियाच्या कंपनीचं काम घरून करणार आहे.

काम टेक्सासमध्ये बसून करताय तर तो पगार साधारणपणे टेक्सासचा. पण तिथे असताना मिळालेले आरएसयू (कंपनीने कबूल केलेले शेअर) इथे आल्यावर व्हेस्ट झाले (म्हणजे प्रत्यक्ष तुमचे झाले) तर ग्रँट ते व्हेस्ट या काळात तुम्ही जितके कामाचे दिवस कॅलिफोर्नियात होतात तेवढ्या भागावर त्यांचा टॅक्स लागतो. आल्यावर एक-दोन वर्षं नॉन-रेसिडेंट रिटर्न भरावं लागेल हे धरून चला. न्यूयॉर्कच्या कंपनीसाठी घरून काम करणार असाल तर अजून जपून, तुमच्या सोयीसाठी बाहेरून काम करताय असं धरून न्यूयॉर्क राज्य पगारावर टॅक्स लावतं. मग टेक्सासचा प्रॉपर्टी टॅक्सही आणि न्यूयॉर्कचा इन्कम टॅक्सही. ऑफर सही करायच्या आधी हे विचारा.

भाड्याने राहिलं तर प्रॉपर्टी टॅक्समधून सुटका?

बिल तुमच्या नावाने येत नाही एवढंच, मालक तो भाड्यातूनच काढतो आणि त्याला होमस्टेडही नसतं. तरी पहिलं वर्ष भाड्यानेच राहा असं मी सगळ्यांना सांगते. शाळा, ट्रॅफिक, उन्हाळ्यातलं विजेचं बिल, गारांमुळे वाढत चाललेला घराचा विमा, सगळं कळतं, आणि विमा तर हिशोबात धराच, तो इथे हलका नाही.

आम्ही रिटायर व्हायला टेक्सासला यावं का? आईवडिलांना काही सवलत?

६५ झाल्यावर मालकाला शाळेच्या टॅक्ससाठी आणखी ६०,००० ची वजावट मिळते (२०२५ च्या मतदानानंतर), म्हणजे एकूण दोन लाख, आणि शाळेच्या टॅक्सची रक्कम त्या वर्षाच्या आकड्याला गोठते. घर वाढवलं नाहीत तर त्या वर जात नाही. काही शहरं-काउंट्याही गोठवतात. शिवाय टॅक्स पुढे ढकलता येतो, ५ टक्के व्याज चढतं आणि घरावर बोजा राहतो, पण घरातून कुणी काढत नाही. म्हणजे म्हातारपणाची भीती मला स्वतःला आता पूर्वीइतकी वाटत नाही.

आईवडील ग्रीन कार्डवर तुमच्याकडे राहतात पण घर तुमच्या नावावर आहे, तर त्यांच्या वयाची सवलत तुम्हाला मिळत नाही, मालकी लागते. नुसती सवलत मिळावी म्हणून डीडवर (मालकीच्या कागदावर) नाव घालण्याआधी वकिलाशी बोला, त्यात वारसा आणि गिफ्ट टॅक्सचे प्रश्न येतात.

माझं नेमकं किती वाचेल ते कसं काढू?

गेल्या वर्षीचं स्टेट रिटर्न काढा, त्यावरचा एकूण टॅक्स घ्या (डब्ल्यू-टू या पगाराच्या फॉर्मवर कापलेला नाही, रिटर्नवरचा), एसडीआयसारखं काही असेल तर मिळवा, सध्याचा प्रॉपर्टी टॅक्स मिळवा. दुसऱ्या बाजूला टेक्सासच्या त्या घराचा टॅक्स, मड-पिडसकट, आणि विम्यातला फरक. मग पगार सहा महिने बंद धरून परत तेच करा. अर्धा तास लागतो. कुणाला आकडे दाखवायचे असतील तर मराठी शाळेच्या पार्किंगमध्ये मी असतेच.

बिल कधी भरायचं? एस्क्रो नसेल तर?

ऑक्टोबरपासून बिलं येतात, शेवटची तारीख ३१ जानेवारी. १ फेब्रुवारीला लगेच ६ टक्के दंड आणि १ टक्का व्याज, पुढे दर महिन्याला वाढत जातं, आणि जुलैपासून वकिलाची फीही वर चढू शकते. बिल पोचलं नाही ही सबब चालत नाही, काउंटीच्या साइटवर स्वतः जाऊन बघायचं. आयटमाइझ करत असाल तर ३१ डिसेंबरच्या आत भरलं तर त्याच वर्षाच्या रिटर्नमध्ये धरता येतं. डिसेंबर-जानेवारीत भारतात जाणार असाल तर तिकीट काढाल त्याच दिवशी कॅलेंडरला लावून ठेवा.